मुदत कोणाच्या सोयीची?

दावा ठरावीक मुदतीत दाखल व्हावा, या नियमामागे तर्क आहे. काळ लोटला की पुरावा विरतो. परंतु इजेचे कारणच उशिरा उमगत असेल, तर हाच नियम अन्यायाचे साधन बनतो.

अमेरिकेतील 'डाल्कन शील्ड' या गर्भनिरोधक साधनाचा इतिहास याची साक्ष देतो. ए. एच. रॉबिन्स कंपनीने ते १९७१ मध्ये बाजारात आणले. त्याच्या अनेकपदरी धाग्यावाटे जंतू गर्भाशयात शिरत. कित्येक स्त्रियांना जंतुसंसर्ग झाला, काहींना वंध्यत्व आले. १९७४ मध्ये तेथील विक्री थांबली. मात्र साधन कंपनीच्या खर्चाने काढून घ्या, असे जाहीर आवाहन स्त्रियांना झाले ते १९८४ मध्ये. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा आश्रय घेतला आणि दावे नोंदवण्यास ३० एप्रिल १९८६ ही अखेरची तारीख ठरली. दहा वर्षांची दिरंगाई कंपनीची, घाई मात्र स्त्रियांनी करायची! अमेरिकी सरकारी मदतीतून हे साधन गरीब देशांतही पोचले होते. तेथील खेड्यातल्या स्त्रीला ही तारीख कळणार कशी?

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे. विलंब माफ करणे आयोगाच्या मर्जीवर. विनामूल्य सेवा तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच. म्हणजे सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यावर विसंबणारी गरीब स्त्री तेथे दादच मागू शकत नाही.

मुदत इजेच्या दिवसापासून नव्हे, कारण कळल्या दिवसापासून मोजली जावी, आणि मोफत सेवेलाही हे संरक्षण मिळावे. कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.