भेद ओळखा, भेदभाव नको

‘डिस्क्रिमिनेटर’ म्हणजे भेद ओळखणारा. कृत्रिम बुद्धिमत्तेत तो खऱ्या चित्रातून बनावट चित्र वेगळे काढतो. गांधीबागेतील डागा स्त्री रुग्णालयात येणाऱ्या वैदर्भीय गर्भवतींसाठी असा भेद सिकलसेलमध्ये मोलाचा आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी दोष असल्याचे सांगते. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतून कळते. वाहक सहसा निरोगी असतो. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून अर्धवट चाचणीवरून मुलीचे लग्न मोडणे अन्यायाचेच. लग्नाआधी दोघांचीही पूर्ण तपासणी हवी. भेद चाचणीने ओळखावा, माणसांनी भेदभाव करू नये.