ल्युकेमिया: मुलांच्या उपचारात पहिला महिना इतका महत्त्वाचा का?

"रिपोर्ट चांगला आलाय, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत." ब्लड कॅन्सर झालेल्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांना उपचार सुरू झाल्यावर महिनाभरात हे ऐकायला मिळतं. पण दिसत नाहीत म्हणजे संपल्या, असं नाही.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजेच 'एएलएल'. निदान होतं तेव्हा शरीरात या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोथेरपीनंतर अस्थिमज्जेत मायक्रोस्कोपखाली 5 टक्क्यांपेक्षा कमी कॅन्सरपेशी दिसल्या, की 'रेमिशन' आलं म्हणतात. बहुतेक मुलं इथवर पोहोचतात. तरीही त्यातल्या काहींचा आजार पुढे उलटतो.

कोणाचा उलटेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

जर्मनीतल्या डॉक्टरांनी यासाठी एक सोपी युक्ती काढली. आठवडाभर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यायचं आणि आठव्या दिवशी रक्त तपासायचं. एका मायक्रोलिटरमध्ये 1,000 किंवा त्याहून जास्त कॅन्सरपेशी उरल्या असतील, तर धोका जास्त. ही स्वस्त तपासणी आजही उपयोगी पडते.

त्याहून बारीक चाळणी म्हणजे 'एमआरडी', उरलेल्या आजाराचं मोजमाप. फ्लो सायटोमेट्रीनं 10,000 पेशींमधली एक कॅन्सरपेशीही पकडता येते. म्हणूनच 0.01 टक्के ही सीमारेषा सगळीकडे वापरली जाते. भारतातल्या 'आयसीआयसीएलई' या अनेक रुग्णालयांच्या अभ्यासातही उपचारांची तीव्रता ठरवताना हे दोन्ही निकष आहेत.

या आकड्यानं उपचार खरोखर बदलतात. ब्रिटनच्या 'यूकेएएलएल 2003' चाचणीत एमआरडी कमी असलेल्या मुलांच्या तीव्र केमोची एक फेरी कमी केली. आजार उलटण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. एमआरडी जास्त असलेल्यांना कडक उपचार दिले, त्यांना फायदा झाला.

पण हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नाही. पेशींमधले जनुकीय बदल, वय, मेंदूभोवतालच्या द्रवातल्या पेशी हेही पाहावं लागतं. डिसेंबर 2024 मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आजार उलटण्याचा धोका मध्यम किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना केमोसोबत ब्लिनाटुमोमॅब हे औषध दिलं. तीन वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण जवळपास 88 वरून 96 टक्क्यांवर गेलं. औषध मात्र प्रचंड महाग आहे.

आणि सगळ्यात धोकादायक गैरसमज: 'एमआरडी निगेटिव्ह आली, मूल खेळायला लागलं, आता गावी जाऊया.' निगेटिव्ह म्हणजे यंत्राच्या नजरेखाली. पूर्ण उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात, आणि एमआरडी निगेटिव्ह मुलांचे चांगले आकडे हे सगळे उपचार पूर्ण केलेल्यांचे आहेत.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचारा: तपासणी कितव्या दिवशी झाली, कोणत्या पद्धतीनं, आणि नमुना मज्जेच्या पहिल्या ओढीचा होता का? नंतरच्या ओढीत रक्त मिसळतं आणि आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो.