आधी घर दाखवा, मग दिवा मालवा

भयपटाचा रफ कट पाहायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. धुकं, निळसर अंधार, झपाझप कापलेले शॉट, कुणीतरी धावतंय, कुणीतरी किंचाळतंय आणि या सगळ्यावर चढवलेला बॅकग्राउंड स्कोअर. प्रेक्षक दचकतो, पण घाबरत नाही. आपण कुठे आहोत, बाहेर पडायची वाट कुठली, धोका कुठल्या बाजूने येऊ शकतो, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. मग त्याने काळजी तरी कशाची करायची? सुरुवातीलाच ताण हवा असेल, तर प्रेक्षकाला आधी जागेची ओळख करून द्यावी लागते, वेळेचं भान द्यावं लागतं. लपवाछपवी त्यानंतर.

जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ची (1978) सुरुवात यासाठी पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे. पॅनाग्लाइड या स्टेडिकॅमसारख्या यंत्रणेवर घेतलेला जवळपास चार मिनिटांचा सलग वाटणारा शॉट, आणि कॅमेरा म्हणजे कुणा अनोळखी माणसाचे डोळे. शॉटच्या लांबीचं कौतुक नेहमी होतं. कॅमेरा कुठून कुठे जातो, याकडे मात्र आपण कमी लक्ष देतो. घर आधी समोरून दिसतं. मग बाजूच्या खिडकीतून आतली मुलगी आणि तिचा मित्र दिसतात. दोघं वर जातात, वरच्या खोलीतला दिवा मालवला जातो. कॅमेरा वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, खणातून सुरा काढतो, पुढच्या खोलीत येतो आणि जिन्यापाशी थबकतो. मित्र शर्ट चढवत खाली उतरतो, निघून जातो. आता घरात ती एकटी आहे, हे आपल्याला कळलं. जिना कुठे आहे, खोली कुठली आहे, हेही आधीच कळलेलं आहे. म्हणून वर चढतानाची एकेक पायरी जड होत जाते. मुखवटा चढतो तेव्हा पडद्यावर डोळ्यांपुरती दोनच भोकं उरतात. तोवर सगळं दिसत होतं, म्हणूनच हे आक्रसणं जाणवतं. शेवटी घराबाहेर मुखवटा ओढून काढला जातो आणि दिसतं सहा वर्षांचं पोर.

हा चित्रपट जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये, साधारण 20 दिवसांत झाला. सुरुवातीला दिसणारं हे मायर्स कुटुंबाचं घर मुळात पडीक होतं. सुरुवातीचा प्रसंग चित्रीकरणाच्या अगदी अखेरीस घेतला आणि त्यासाठी कॅमेऱ्यासमोर येणारा भागच तेवढा रंगवून सजवला. सुरा धरलेला हात निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिल यांचा आहे. पैसा नव्हता, पण कॅमेऱ्याचा मार्ग पक्का ठरलेला होता. आपल्याकडच्या मर्यादित बजेटच्या युनिटने घ्यायचा धडा हाच.

वेळेचं भान कसं द्यायचं, हे वेस क्रेव्हनच्या ‘स्क्रीम’मध्ये (1996) दिसतं. फोनवर अनोळखी आवाजाशी बोलणारी मुलगी, चहूकडे काचेची दारं आणि शेगडीवर फुगत जाणारं पॉपकॉर्न. संभाषण खेळकर असतं तोवर ते नुसतं तडतडतं. मग ती फोनमध्ये अडकते, भांड्यावरची चंदेरी पिशवी फुगत जाते आणि ते उतरवायला कुणीच येत नाही. एकही घड्याळ न दाखवता वेळ हातातून निसटतेय, हे प्रेक्षकाला कळतं. फोनवरचा आवाज देणारा रॉजर जॅक्सन सेटवरच, पण मुलीचं काम करणाऱ्या ड्रू बॅरिमोरला दिसणार नाही असा ठेवला होता आणि तो तिच्याशी खरोखर फोनवर बोलत होता. तिच्या चेहऱ्यावरचं दचकणं डबिंग थिएटरमध्ये निर्माण झालेलं नाही.

आवाजाबाबत तर आपण फारच निष्काळजी आहोत. कार्पेंटरने संगीत आणि ध्वनिपरिणामांविना ‘हॅलोवीन’ स्टुडिओतल्या एका अधिकारी महिलेला दाखवला, तेव्हा तिला जराही भीती वाटली नव्हती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. मात्र ‘स्कोअर वाढवा’ एवढाच अर्थ यातून काढू नये. आवाजालाही अंतर असतं, दिशा असते. ‘महल’च्या (1949) सुरुवातीच्या भागातच येणाऱ्या ‘आयेगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रणात लताबाई माइकपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याजवळ आल्या. कुणीतरी दुरून येतंय, हे ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळतं. आज आपल्याकडे असंख्य ट्रॅक आहेत, तरी दाराबाहेरचा आवाज आणि कानाशी आलेला आवाज यांतला फरक मिक्सिंगमध्ये सपाट होऊन जातो.

जागा आणि वेळ यांच्या जोडीला तिसरी गोष्ट म्हणजे नियम. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (2018) साखळदंडात ठेवलेल्या आजीचं काय करायचं, ती जागी झाली तर काय म्हणायचं, हे आपल्याला आधीच कळतं. आई जखमी धाकट्या मुलाला घेऊन जाते आणि थोरला विनायक आजीजवळ एकटा उरतो, तेव्हा हा नियम प्रेक्षकालाही पाठ असतो. पोराकडून तो पाळला जाईल ना, या धास्तीने आपण खुर्चीत पुढे सरकतो. नियम ठाऊक नसता, तर तोच प्रसंग नुसता विद्रूप चेहऱ्याचा धक्का ठरला असता.

म्हणून दिग्दर्शक, डीओपी, संकलक आणि साउंड डिझायनर या सगळ्यांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे. शॉट डिव्हिजनच्या कागदावर आधी घराचा नकाशा काढा. दारं, खिडक्या, जिना मांडा आणि प्रत्येक शॉटनंतर प्रेक्षकाला यातलं काय कळलं, ते लिहा. रेकीला साउंड डिझायनरला सोबत न्या. त्या जागेचा रात्रीचा आवाज तिथेच ध्वनिमुद्रित करा. कौलांवरचा पाऊस, पंप सुरू होण्याचा आवाज, लांबवर भुंकणारं कुत्रं यांतलं काय कधी बंद पडणार, ते पटकथेतच लिहा, कारण सवयीचा आवाज अचानक थांबला की माणूस आपोआप कान टवकारतो. निर्मात्यांनी ध्वनीसाठीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत. उरलेल्या पैशांत आवाज उभा राहत नाही.

आणि रफ कट तयार झाला की एक चाचणी जरूर घ्या. युनिटबाहेरच्या कुणाला तरी पहिली दहा मिनिटं दाखवा, हातात कागद-पेन्सिल द्या आणि घराचा आराखडा काढायला सांगा. त्याला तो काढता आला, तर पुढच्या अंधारावर तुमचा हक्क आहे. नाही आला, तर संगीत चढवण्याआधी एडिट टेबलवर परत बसा.