अपुरी आवर्तसारणी

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत ११८ मूलद्रव्यांची आवर्तसारणी तोंडपाठ करून घेतली जाते. परीक्षेपुरते ते ठीकच. परंतु ही सारणी अपुरी आहे, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. तिच्यात सर्वांत अलीकडे भर पडलेल्या चार मूलद्रव्यांना नावे मिळाली ती २०१६ साली. ११८ व्या ओगानेसॉनचा अणू तर सेकंदाच्या सहस्रांशाइतकाही टिकत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? अणुगर्भातील प्रोटॉन परस्परांना दूर लोटतात. त्यांची संख्या वाढत गेली की गर्भ फुटू पाहतो. तथापि काही विशिष्ट संख्यांना तो अधिक दृढ राहतो. ११४ प्रोटॉन व १८४ न्यूट्रॉन यांच्या आसपास असे ‘स्थैर्याचे बेट’ असावे, हा तर्क १९६० च्या दशकातला. त्या १८४ न्यूट्रॉनांपर्यंत अद्याप कोणी पोहोचलेले नाही. २०२४ साली अमेरिकेतील बर्कले प्रयोगशाळेने प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा केला. २२ दिवसांत ११६ व्या मूलद्रव्याचे अवघे दोन अणू हाती लागले. जमाखर्च मांडणाऱ्यास हा व्यवहार आतबट्ट्याचाच वाटेल.

निसर्गाचा कारखाना मात्र निराळा आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत जड मूलद्रव्ये घडतात, याच्या खुणा ऑगस्ट २०१७ मध्ये मिळाल्या. अशा टकरींच्या गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात व्हावयाची आहे. २०२३ साली केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जमीन मराठवाड्याची, तसे संशोधकही मराठवाड्याचे हवे असतील, तर ‘११८ च्या पुढे काय?’ हा एकही गुण न देणारा प्रश्न वर्गात विचारू द्यावा लागेल. शिकवण्यांच्या आजच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही.