गच्ची तुमची, गल्ली कोणाची?

गिरगावात टॉवर उभा राहिला की दोन आवाज उठतात. बिल्डरची गुळगुळीत पुस्तिका 'वारशाच्या कुशीत, समुद्राच्या साक्षीने' राहायचं आमंत्रण देते, आणि त्याच आठवड्यात बोरिवली नाहीतर डोंबिवलीहून कुणीतरी 'चाळसंस्कृती संपली' म्हणून हळहळतं. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी हळहळणाऱ्यांशी, कारण ती आपलीच माणसं. फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट, खेतवाडी ही नावं जरा मोठ्याने म्हणून बघा. बागा आणि शेतं बुजवून तिथे चाळी उठल्या. चाळ हाच त्या काळचा टॉवर होता: थोड्या जागेत जास्तीत जास्त भाडेकरू बसवायची मालकाची युक्ती. १८९६ साली प्लेग आला तेव्हा अशाच कोंदट खोल्यांकडे बोट दाखवलं गेलं आणि दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, याचा अभिमान मलाही आहे. पण गणपती दहा दिवसांचा, संडासाची रांग बारमाही. गुडघे गेलेल्या आजींना त्या रांगेत शेजारधर्माचं व्याख्यान द्यायची माझी तरी छाती नाही.

शिवाय चाळी मोडकळीला आल्या त्या टॉवरमुळे नव्हेत. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू तगला, मालकाने डागडुजी सोडली, जिन्याखाली लाकडी टेकू आले. १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ काढून इमारतींवर उपकर बसवावा लागला. टेकूवरची इमारत कधीतरी उतरवावीच लागते, आणि सगळ्यांना तिथेच घर द्यायचं तर उंच जाण्यावाचून गत्यंतर नाही.

आता पुस्तिकेकडे. म्हणे, जुन्या रहिवाशांना फुकटात मालकीचं घर मिळालं. मिळालं, नाकारत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्याला किमान ३०० चौरस फुटांचं घर आणि स्वतःचं न्हाणीघर ही लहान गोष्ट नव्हे. पण पुस्तिकेतल्या चित्रात ते घर शोधून दाखवा. बहुधा ते मागच्या अंगाला असतं: वेगळी इमारत, वेगळं फाटक, वेगळी लिफ्ट. विक्रीच्या टॉवरला समुद्र दिसतो, पुनर्वसनाच्या इमारतीला टॉवरची पाठ. आणि खोलीचं भाडं शे-दोनशे रुपये असलेल्या माणसाला आता लिफ्ट, पंप, आग विझवायची यंत्रणा यांचं बिल महिन्याला हजारांत येतं. बिल्डरने देखभालीसाठी ठेवलेल्या रकमेचं, म्हणजे कॉर्पसचं, व्याज पुरेनासं झालं की तो घर विकून विरार गाठतो. 'आम्ही कोणाला हाकललं नाही' हे मग कागदावर खरंच राहतं.

माझा खरा राग मात्र गाड्यांवर आहे. चर्नी रोड स्टेशन चालत गाठता येतं त्या वस्तीत खालचे पाच-सहा मजले गाड्यांना! जिथे शिंपी, वाणी, पिठाची गिरणी होती, तिथे जाळीमागे गाड्या झोपलेल्या. वाडी म्हणजे नुसत्या इमारती नव्हेत, एका रस्त्यावरून दुसऱ्यावर निघायची ती आडवाटही होती. ती कुणाच्या प्रॉपर्टी कार्डावर नव्हती, त्यामुळे कुंपण पडलं तेव्हा हक्काने भांडायला कुणी पुढे आलं नाही.

टॉवर बांधा, चाळीस मजली बांधा. पण आडवाट चालू ठेवायची अट नकाशा मंजूर करतानाच घाला. रस्त्यालगतचा तळमजला दुकानांना द्या, आणि त्यात जुन्या दुकानदाराचा हक्क पहिला. देखभालीला पुरेल एवढा कॉर्पस करारात आकड्यानिशी लिहा, आणि तोही खोलीची किल्ली हातातून सुटण्याआधी. प्रकल्प परवडणार नाही, असं उत्तर येईल. समुद्राकडच्या एकेका फ्लॅटचे कित्येक कोटी घेणाऱ्याला दहा फुटांची गल्ली परवडत नाही, हा हिशेब मला कुणीतरी कागदावर मांडून दाखवावाच.

त्या पुस्तिकेत पाडव्याच्या शोभायात्रेचा फोटोही छापलाय. नऊवारीतल्या मुली, फेटे, ढोल. बाविसाव्या मजल्यावरून यात्रा छान दिसेल. ढोल वाजवणाऱ्यांतली कित्येक पोरं पहाटेची विरार लोकल पकडून आलेली असतात, आणि दुपारी ढोल आवरले की तीच लोकल पकडून परत जातात.