‘बीटी-सीटी नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशन ठरलं की फाइलीत एक कागद हमखास लागतो: बीटी-सीटी. बोटाला टोचायचं, टिपकागदानं रक्त टिपत घड्याळ पाहायचं आणि ‘नॉर्मल’ लिहायचं. आमच्या नेसरीत या कागदाला अभयपत्राचा मान आहे. माझं म्हणणं, तो मान त्यानं कमावलेला नाही.

गुठळीचे धागे विणले जातात ते फायब्रिनोजेन या प्रथिनातून. निरोगी माणसात ते दर डेसिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. मोठा रक्तस्राव झाला की गोठवणाऱ्या घटकांत बहुधा हेच सर्वांत आधी खालावतं. ते शंभरच्या आसपास घसरेपर्यंत पीटी-आयएनआरसुद्धा फारशी हलत नाही, मग सीटीची काय कथा! उशिरा बोलणाऱ्या चाचण्या आपण नेमानं करतो आणि आधी बोलणारी टाळतो.

बरं, फायब्रिनोजेन मोजलं तरी कसं मोजलं? १९५७ सालची क्लाउस पद्धत थेट आहे: प्लाझ्मा पातळ करून त्यात भरपूर थ्रॉम्बिन घालायचं आणि गुठळी धरायला लागलेला वेळ मोजायचा. दुसरी पद्धत पीटी करतानाच यंत्रानं काढलेल्या अंदाजाची. रक्त वाहत असलेल्या रुग्णात हा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, म्हणजे नको तिथे धीर देतो. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल, तर समोरचा आकडा कुठल्या जातीचा, हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं?

‘नॉर्मल’च्या चौकटीचंही तसंच. दिवस भरलेल्या बाईचं फायब्रिनोजेन ४०० ते ६०० पर्यंत चढलेलं असतं. बाळंतपणात रक्त जात असताना तिचा आकडा २०० आला, तर छापील चौकटीत तो बसतो. प्रत्यक्षात ती संकटात असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या १२८ बायकांच्या अभ्यासात, सुरुवातीलाच २०० किंवा त्याखाली असलेल्या साऱ्याजणींचा रक्तस्राव पुढे गंभीर झाला.

‘हे शहरातलं झालं, खेड्यात कुठलं यंत्र?’ हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. क्लाउसला प्रयोगशाळा लागते, खरं. पण निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरायला काय खर्च येतो? सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग, हे प्रमाण बिघडलं की कोल्हापूरचं महागडं यंत्रसुद्धा चुकीचंच सांगणार. रिपोर्टवर पद्धतीचं नाव लिहायला तर शाईच लागते.

आणि जिथे काहीच नाही तिथे काचेची नळी आहे. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून पाहतात. ते पातळच राहिलं तर फायब्रिनोजेन धोक्याइतकं संपलंय, हे समजतं. वाहत्या रक्ताच्या बाळंतिणीलाही ही नळी लावता येते. गुठळी धरली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. धरली नाही, तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. नेसरीहून गडहिंग्लज, पुढे कोल्हापूर किंवा बेळगाव, या वाटेवर एकेक मिनिट मोलाचं असतं.

म्हणून नातेवाइकांनी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये. काय मोजलं, कुठल्या पद्धतीनं आणि रक्त किती वाजता घेतलं, हे तीन प्रश्न विचारावेत. विचारणाऱ्याला कुणी आगाऊ म्हटलं, तर म्हणू द्यावं.