दुग्धाम्लाचा आकडा

रक्ततपासणीचा कागद घरी आला, की आपण मंडळी तो गुणपत्रिकेसारखा वाचतो. ठळक छापलेला आकडा आधी पाहायचा, मग बाकीचे. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते. परंतु लहान मूल सारखे गळून जाते, वजन धरत नाही, मान सावरत नाही, म्हणून डॉक्टर जेव्हा 'लॅक्टेट' पाहायला सांगतात, तेव्हा तो आकडा कसा जन्माला येतो हे आईबापांना ठाऊक असलेले बरे.

लॅक्टेट म्हणजे आपल्या दुग्धाम्लाचेच रूप. स्वीडनमधल्या शेले या रसायनज्ञाला ते १७८० साली आंबलेल्या दुधात सापडले, म्हणून हे नाव. नावावर जाऊन परिचयातल्या एका आजीबाईंनी नातवाचे दूध-दही बंद केले होते! शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना हसू नये. पण दुधाचा येथे काडीचा संबंध नाही. पेशींत तंतुकणिका नावाच्या चिमुकल्या भट्ट्या असतात. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती काढण्याचे बरेचसे काम त्यांचे. भट्टी मंदावली, की पेशी साखर अर्धवट मोडून वेळ निभावून नेते आणि हे आम्ल साचू लागते.

निवांत माणसाच्या रक्तात ते लिटरला सुमारे २ मिलिमोलच्या आत असते. आता निवांतपणाचेच पाहा. दोघांनी धरलेले, हातपाय झाडीत टाहो फोडणारे पोर. दंडाला करकचून बांधलेला रबरी पट्टा. स्नायू राबले की निरोगी मुलाचाही आकडा चढतो! नळीत पोचले म्हणून रक्त स्वस्थ बसते असेही नाही. तांबड्या पेशींत तंतुकणिका मुळीच नसतात. साखर मोडून आम्ल करणे हा त्यांचा बारमाही उद्योग, आणि तो नळीतही चालू राहतो. म्हणून फ्लोराइड घातलेली नळी घ्यायची, बर्फात ठेवायची आणि लगोलग प्रयोगशाळेत पोचवायची. ती टेबलावर तशीच राहिली, तर तिचे पाप पोराच्या माथी!

तेव्हा रक्त काढण्याआधी मुलाला थोडा वेळ मांडीवर शांत होऊ द्यावे. ते फार रडले, तर तसे कागदावर लिहून घ्यावे, आणि पुन्हा रक्त घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये. जंतुसंसर्गाच्या गंभीर आजारात किंवा शरीरातले पाणी फार कमी झाले तरीही आकडा वाढतो.

उलट, आकडा नेमस्त आला म्हणजे सुटलो, असेही नव्हे. तंतुकणिकांचा दोष रोगाच्या मुळाशी असू शकतो, हे स्टॉकहोमच्या रॉल्फ लुफ्त यांनी १९६२ साली दाखवले. त्यांची रुग्ण ३५ वर्षांची एक बाई; भरपूर खाऊन वाळत चाललेली, घामाने निथळणारी, आणि थायरॉइड मात्र ठणठणीत. तिचे उत्तर सापडले स्नायूच्या तुकड्यात. म्हणून डॉक्टर लॅक्टेटच्या जोडीला अमिनो आम्ले, कार्निटिन वगैरेही पाहतात. आता जनुकांची तपासणीही पुष्कळदा रक्तावरच होते. तिला मूल रडले काय नि हसले काय, सारखेच.